नोंद आढळून आली नाही

"वाच की मोठ्यानं. सरकारनं लिव्हलंय म्हंजे कायतरी चांगलंच आसंल," रसूलबी आक्का म्हणाली आणि गादीत दाभण खुपसून तिनं दोरा दातांनी तोडला.

मी दारातच उभी होते. हातात नोटीस, काखेत मतदार यादी. मी गावातल्या जिल्हा परिषद शाळेची मास्तरीण, पण मास्तरणीला नुसतं शिकवायला कोण ठेवतं? पोलिओचा डोस आम्हीच पाजायचा, गुरंढोरं आम्हीच मोजायची, मतदार यादीही आम्हीच सांभाळायची. पिंजार गल्लीचा भाग माझ्याकडे होता. आणि आमचं घर त्याच गल्लीच्या तोंडाशी, आक्काच्या दारासमोर.

मी वाचलं. "रसूलबी मर्द महेबूब पिंजारी, वय एकसष्ट. आपण भारताच्या नागरिक नसल्याबाबत आक्षेप प्राप्त झाला आहे. पुराव्यासह सुनावणीस हजर राहावे. अन्यथा आपले नाव मतदार यादीतून वगळण्यात येईल."

"नागरिक म्हंजे?"

"म्हंजे तू इथली नाहीस म्हणतेत."

"मंग कुठली हाय?"

"ते लिहिलेलं नाही, आक्का."

ती खदखदून हसली. केसांत कापूस अडकलेला, तोही हलला. "ऐका गं बायांनो! तुझ्या बापाला मी ह्या कडेवर खेळवलाय. सात वर्षांची होते मी. तवा तर..." तिनं पटकन जीभ चावली. मग म्हणाली, "अंगठा कुठं लावू, अन्सू?"

माझं नाव अनुसया. अन्सू म्हणणारी गावात तीच एक.

आक्षेप एकट्या तिच्यावर नव्हता. पिंजार गल्लीतल्या एकेचाळीस जणांवर होता, आणि एकेचाळीस अर्जांवर सही एकाचीच, बब्रुवान हाळेची. ग्रामपंचायतीला त्याचं पॅनल नऊ मतांनी पडलं होतं. ती नऊ मतं ह्याच गल्लीनं पाडली असं त्याचं गणित. बाकीच्यांनी धावपळ केली. कुणी बापाचा शाळेचा दाखला आणला, कुणी आजाच्या शेताचा सातबारा. एकेक करून चाळीस जण सुटले. राहिली आक्का. ती शाळेत गेली नव्हती, बापाला गुंठाभर जमीन नव्हती. बाप, इमाम पिंजारी, खांद्यावर कमान घेऊन गावोगाव कापूस पिंजत फिरायचा आणि आक्का लहान असतानाच वारला. ती आईबापाची एकुलती. लग्न करून राज्याच्या सीमेपलीकडच्या गावात गेली, तीन वर्षांत विधवा होऊन परत आली. तिकडच्या यादीत नाव नाही, इकडच्या नावावर आक्षेप.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बब्रुवानने हाटेलातून हाक मारली. माणूस मोठा गोड बोलायचा. कधी आवाज चढवायचा नाही.

"मॅडम, च्या घ्या."

"नको. एकसष्ट वर्षांच्या बाईच्या मागं लागलात, लाज वाटत नाही का?" मी तोंडाची फाटकी, पहिल्यापासून.

तो हसला. "मी कुठं लागलो? कायद्यानं अर्ज केला. असंल इथली तर दाखवील कागद. नसंल तर यादीतून नाव जाईल, मग पुढचं काम पोलिसांचं. आपलं काय?" मग बशीत चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमची पडताळणी कुठवर आली म्हणे? समितीचं दक्षता पथक जुनी दप्तरं बघत फिरतंय तालुक्यात. काळजी घ्या हं. एकाचं बघता बघता दुसऱ्याचंबी निघतंय."

मला नोकरी राखीव जागेवर लागलेली. जात पडताळणी समितीपुढे माझं प्रकरण सात वर्षं पडून होतं. प्रमाणपत्र आलं नाही तर नोकरी जाणार हे स्वच्छ होतं. घरात दम्यानं हैराण झालेला बाप, आई, आणि कमावती मी एकटी. माझ्यासोबत लागलेल्या दोघींच्या हातात कमी केल्याची पत्रं पडली होती. पोस्टमन दिसला की मी वर्गात लपत होते, खोटं कशाला सांगू?

तहसीलमध्ये सुनावणी घेणारे नायब तहसीलदार देवणीकर मात्र भला माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, खरं तर आक्षेप घेणाऱ्यानं सिद्ध करायला पाहिजे. पण त्यानं वकील लावलाय, आणि वरून पत्रावर पत्र येतंय की पुरावा बघा. मला जास्त नको. तिच्या आईचं किंवा बापाचं ह्या गावातलं एक जुनं नाव दाखवा. एक ओळ पुरे. मी आक्षेप फेटाळतो."

"कुठं मिळेल, साहेब?"

"पोलीसपाटलाच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या अभिलेख कक्षात आहेत. यादीचा भाग तुमचा, तुम्हीच शोधा. लेखी अहवाल द्या. तुमच्या अहवालावर मी आदेश करीन."

मी आक्काला सांगितलं तेव्हा ती उठून बसली. "वहीत हाय का बघते म्हणतीस?" तिनं माझा हात धरला. तळवा राठ, गाद्या शिवून शिवून. "बघ बाई. आसंल. सापडतंय का बघ. नाव गेलं तर मला कुठं नेऊन सोडतील गं? पलीकडं माझं कोण हाय?"

"कुठं नेत नाहीत. मी आहे ना," मी म्हणाले. तेव्हा ते मनापासून म्हणाले होते, एवढं तरी मला म्हणू द्या.

अभिलेख कक्ष म्हणजे तहसीलच्या मागची एक लांबोडी खोली. लाल फडक्यात बांधलेले बस्ते छतापर्यंत. गुत्ते नावाचा कारकून होता. त्यानं आमच्या गावाचे बस्ते काढून दिले आणि म्हणाला, "निजामाच्या वेळच्या वह्या उर्दूत आहेत, त्याही वाळवीनं खाल्ल्या. नंतरच्या मराठीत आहेत, त्या बघा. पथकवाले उद्या येणार आहेत, तेवढं आज उरकून घ्या."

आक्काचा जन्म निजामाच्या वेळचा. त्या वहीची तर माती झाली होती, उचलली तशी मांडीवर सांडली. मी मराठी वह्या घेतल्या. तीन तास पानं उलटली. नाकातोंडात धूळ, पायाला मुंग्या. आणि चारच्या सुमारास बोट थांबलं.

हुसेनबी मर्द इमाम पिंजारी.

आक्काची आई! पाटलाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, गावाच्या नावासकट. मी मोठ्यानं "सापडलं!" म्हणाले असते, पण तेवढ्यात नजर पुढच्या रकान्यात गेली. मुलगा. नाव, पिराजी.

पिराजी माझ्या बापाचं, दादांचं नाव. तारीख बघितली. दादांच्या शाळेच्या दाखल्यावरची, समितीला मी दहा वेळा लिहून दिलेली, तीच तारीख. मग मी त्या महिन्याची सगळी पानं बघितली, पुढच्या महिन्याची बघितली. येसूबाई तोटावाड, म्हणजे माझी आजी, तिच्या नावापुढं कुठलंच मूल नव्हतं.

मी वही मिटली, बस्ता बांधला आणि गुत्तेला म्हणाले, "उद्या परत येते." तो हूं म्हणाला, मान वर न करता.

घरी आले तर दादा ओसरीवर उशीला टेकून बसलेले. दोन दिवसांपूर्वीच दवाखान्यातून आणलं होतं. छातीतला आवाज अंगणापर्यंत ऐकू यायचा. मी आईला मागच्या दारी गाठलं. ती भाकरी थापत होती.

"आई, दादांचं नाव पिराजी कसं पडलं गं?"

तिनं आधी ओसरीकडे बघितलं. मग आवाज खाली घेतला. "आज काय आठवलं तुला? तुझ्या आजीची चार लेकरं पाचवीच्या आतच गेली. पाचव्याच्या बखताला म्हणली, सटवीला ह्या घराची वाट गावलीय. मग हे जन्मले तसे सुपात घालून उकिरड्यावर ठेवले, आणि समोरच्या हुसेनबीनं पायलीभर जोंधळे देऊन इकत घेतले. सटवी मुसलमानाच्या घरात बघत न्हाई म्हणं. पाचवी तिच्याच घरात झाली. नाव बी तिनंच ठेवलं, पिराच्या नावानं. रसूलबी तवा एवढीशी, सुपाला हात लावून संगं चालली होती म्हणं."

दर मोहरमला आमच्या घरून आक्काकडे पायलीभर जोंधळे जायचे. लहानपणी मीच नेऊन द्यायची. शेजारधर्म समजायची.

"आणि पाटलाच्या वहीत कुणाचं नाव लावलं?"

"हुसेनबीचंच की. पाटील इच्यारत आला, पोरगं कुणाचं? सटवी तर आजूबाजूलाच आसती. मग आत्याबाई, तुझी आजी, कशाला म्हणतील माझं म्हणून? म्हणल्या, हिचं लिव्हा. त्यानं लिव्हलं."

मला हसावं का रडावं कळेना. सटवीला फसवायला निघालेल्या बाईनं सरकारची वही फसवून ठेवली होती.

"कुणाला बोलू नको हां," आई म्हणाली. "हुसेनबीनं पिराच्या पायरीवर शब्द दिलाय. ती आणि तिची लेक, कुणी हे चारचौघांत काढायचं न्हाई. घेतल्यालं लेकरू जितं हाय तवर. काढलं की सटवीला कळतं, मग ती परत येती." आतून दादांना खोकल्याची उबळ आली आणि आई परातीवरून तशीच उठून धावली.

त्या रात्री मी जेवले नाही. उलटसुलट सगळा विचार केला. अहवालात ती ओळ लिहिली तर आक्का सुटत होती. पण त्या ओळीत पिराजी होता. गावात त्या तारखेचा पिराजी एकच. बब्रुवानचा वकील त्याची नक्कल काढणार, बब्रुवान ती समितीकडे पोचवणार. बाप पिंजाऱ्याचा निघाला तर माझी जात कुठली आणि नोकरी कुठली? समितीपुढं काय सांगणार होते मी, सटवी आली होती म्हणून?

आणि एक विचार असाही आला, तो सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, आक्काला काय होणार आहे? म्हातारी बाई. मत नाही दिलं म्हणून काय मरती थोडीच.

सकाळी पहिल्या गाडीनं मी तहसीलला गेले. पथक अकराला येणार होतं. गुत्तेला म्हणाले, त्या वहीत वाळवी दिसली, औषध मारायच्या वह्यांत टाकू का? तो म्हणाला टाका. मी ती वही उर्दू वह्यांच्या मातीत खाली, अगदी तळाला घातली. फाडली नाही. फाडली नाही ह्याचं पुढं कित्येक वर्षं मला समाधान वाटायचं, इतकी मी मूर्ख.

सुनावणी सोमवारी होती. आक्का ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली. दवाखान्यात जावं तशी पिशवीत भाकरी बांधून. बब्रुवान मागच्या बाकावर, वकील पुढं.

वकील म्हणाला, "साहेब, बाई कुठून आली ते गावात कुणाला माहीत नाही. सीमेपलीकडच्या गावाचा दाखला जोडलाय, तिथं असं नाव नाही. इथला जन्माचा पुरावा नाही. मग ही आली कुठून?"

"आईच्या पोटातनं आले बाबा," आक्का म्हणाली. खोलीत दोघं-तिघं हसले. देवणीकरसुद्धा ओठात हसले.

"रसूलबी, तुमच्या आईचं नाव असलेला एखादा कागद, एखादा माणूस? कुणाच्या कागदात तुमच्या आईचं नाव लागलेलं?"

आक्कानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या कडेला उभी, अहवाल छातीशी धरून. ती बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, "हाय, साहेब. पण ते मी बोलत नस्ते."

"का?"

"माझ्या मायनं शब्द दिलाय. एका लेकराच्या जिवाचं हाय."

"कोण लेकरू? कुठं आहे?"

"हाय. जितं हाय, अल्लाच्या किरपेनं. सध्या जरा आजारी हाय." तिनं पदर सावरला. "वहीत आसंल तर तुमच्या तुम्ही वाचा. वही वाचली तर मी बोलले असं हुत न्हाई. आमची अन्सू गेलती बघायला. ती सांगंल."

म्हणजे तिला ठाऊक होतं. वहीत काय लिहिलंय हे तिला माझ्या आधीपासून, पन्नासहून अधिक वर्षं, ठाऊक होतं.

"बाई, अहवाल?" देवणीकर म्हणाले.

मी वाचला. एका दमात वाचला. "उपलब्ध अभिलेखांची समक्ष तपासणी केली असता, श्रीमती रसूलबी यांच्या माता अगर पिता यांच्या नावाची नोंद आढळून आली नाही."

देवणीकरांनी पेन खाली ठेवलं. "नीट बघितलंत ना? एकही ओळ नाही?"

मी अहवालाची घडी घालू लागले. वकील माझ्याकडे बघायला लागला, मागून बब्रुवानही पुढं झुकला. आणि मग आक्काच बोलली.

"पोरगी खोटं कशाला बोलंल, साहेब?" ती म्हणाली. "न्हाई म्हणती तर न्हाई आसंल. वाळवी बी लई झालीय."

नाव वगळल्याच्या आदेशावर तिनं अंगठा लावला. शाई पुसायला कागद मागितला, मी दिला. बाहेर आल्यावर पायरीवर बसून तिनं भाकरी सोडली आणि अर्धी मोडून माझ्यापुढं धरली. "पिराजीनं खाल्लं का सकाळी?" एवढंच विचारलं.

महिन्याभरात पोलीस आले. दोघं होते, एक बाई. बोटांचे ठसे घेतले, फोटो घेतला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लागली. गल्लीतल्या बायांनी तिच्या अंगणात बसायचं सोडलं. आपलंही नाव परत निघायचं, म्हणून. गाद्या शिवायला देणारे कमी झाले. दोनदा जिल्ह्याच्या गावाहून गाडी येऊन तिला घेऊन गेली, दोन्हीदा परत आणून सोडलं, कारण तिला कुठं पाठवायचं हेच कुणाला ठरवता येईना. गाडीचा आवाज आला की दादा विचारायचे, "आक्काच्या दारात कोण आलंय गं?" मी म्हणायचे, "कुणी नाही." मोहरमला जोंधळे आता आई नेऊन द्यायची. मला धीर होत नव्हता.

माझं पडताळणी प्रमाणपत्र त्याच वर्षी आलं. आईनं पेढे वाटले. पहिला पेढा कुणाच्या दारात नेला ते सांगायला नको.

पुढच्या निवडणुकीला मी केंद्राबाहेर टेबल टाकून बसले होते, यादी घेऊन, लोकांना नंबर शोधून द्यायला. दहाच्या सुमारास हिरवं लुगडं रांगेत दिसलं. तिचा नंबर आला. तिनं बोट पुढं केलं, शाई लावायला करतात तसं.

"बघ गं अन्सू, सापडतंय का."

मी यादी उलटली. तिच्यासमोर सगळी पानं उलटली, नसलेलं नाव शोधत. "नाही गं, आक्का."

"बरं," म्हणाली आणि गेली.

ती दर निवडणुकीला यायची. ग्रामपंचायत असो, आमदारकी असो की खासदारकी. रांगेत उभी राहायची, बोट पुढं करायची, तेच विचारायची. मी तेच सांगायची. लोक म्हणायचे, म्हातारी भ्रमिष्ट झाली. मला माहीत होतं, ती चांगली शहाणी होती. तिनं कधी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

दादा अकरा वर्षांनी गेले. आक्का आली, भावाच्या मयताला बहीण येते तशी, ऊर बडवत. लोकांना नवल वाटलं. तिनं पायलीभर जोंधळे आणले होते, ते तिनं तिरडीवर टाकले आणि हात झाडले. मला वाटलं, आता बोलेल. जमलेल्या माणसांत, आत्ताच्या आत्ता. मी भिंतीला धरून उभी होते. ती काही बोलली नाही.

चार महिन्यांनी मतदान होतं. मी टेबलापाशी. ती काठी टेकत आली, पाठीची कमान झालेली, तेच लुगडं विटून पांढरट पडलेलं. रांगेतल्या पोरांनी तिला पुढं सोडलं. तिनं बोट पुढं केलं.

"बघ, अन्सू."

मी यादीकडे हात नेला. तिनं काठी टेबलाला टेकवली, माझ्या कानाशी वाकली. तोंडाला कापसाचा, तंबाखूचा वास. कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं ती म्हणाली, "आता पिराजी बी गेला, बाई. आता तर सापडंल की?"

मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, लवकर करा!" मी पहिल्या पानापासून परत बघायला लागले. आक्का बोट पुढं धरून तशीच उभी होती.